इथे तांबडा, तिथे निळा: ट्रॅक्टरची पसंती मुलखागणिक का बदलते

तालुक्याच्या गावी स्पेअर पार्टच्या दुकानात दहा मिनिटं नुसतं उभं राहावं. तारेला लटकलेले फॅनबेल्ट, फिल्टरच्या खोक्यांची उतरंड, काउंटरवर ग्रीसचे बोटांचे ठसे. कोणत्या कंपनीचं सामान दुकानदार मान न वळवता हात मागे नेऊन काढतो आणि कोणत्या कंपनीसाठी पोऱ्याला शिडी लावून वर चढवतो, एवढं बघितलं की त्या तालुक्यात कोणता ट्रॅक्टर चालतो ते कळतं. आमच्या सोलापूरकडे, भीमेच्या काठाला, हाताशी असतं ते तांबड्या महिंद्राचं. त्याला लागून हिरवा जॉन डिअर. मग स्वराज वगैरे. काहींचं सामान म्हणजे ‘उद्या संध्याकाळी या, मागवून ठेवतो’.

हेच दुकान पंजाबात मोगा किंवा बर्नाल्याला असतं तर फळ्यांचा क्रम उलटला असता. स्वराज हाताशी आला असता, शेजारी निळा न्यू हॉलंड. तमिळनाडूत गेलात तर मॅसी फर्ग्युसनचा जुना जम. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात भाताच्या खाचरांत नारिंगी कुबोटा जागोजागी दिसायला लागतो. देश एक, डिझेल तेच, आणि नांगर जोडायच्या मागच्या तीन दांड्याही सगळ्यांच्या सारख्याच. मग माणसांचा कौल एवढा का बदलतो?

‘सगळ्यात भारी ट्रॅक्टर कोणता?’ हा प्रश्न जिथे-तिथे विचारला जातो, आणि उत्तरं देणारे भांडणावर येतात. खरं तर दोघंही बरोबर असतात, फक्त दोघांच्या जमिनी वेगळ्या असतात. भारतात अलीकडे वर्षाला साधारण नऊ-दहा लाख ट्रॅक्टर विकले जातात आणि त्यांतले दहापैकी चारांहून जास्त महिंद्रा गटाचे असतात. पण हा आकडा सबंध देशाचा. तो घेऊन कुणी तंजावरच्या खाचरात उतरला तर फसेल.

आधी काम, मग कंपनी

ट्रॅक्टर आपल्याला एचपीने मोजायची सवय आहे. अमका पंचेचाळीसचा, तमका पंचावन्नचा. पण हा आकडा बहुतेक वेळा इंजिनाचा असतो. मागच्या पीटीओला, म्हणजे माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर किंवा औषध फवारणारा ब्लोअर फिरवणाऱ्या दांड्याला, त्याहून कमीच पोचतो. आणि एचपी सारखा असला तरी दोन इंजिनांचा स्वभाव सारखा नसतो. हे समजायला घमेल्याचा हिशेब घ्या. एक गडी मोठं घमेलं भरून सावकाश चालतो, दुसरा लहान घमेलं घेऊन पळत खेपा करतो. संध्याकाळी दोघांनी टाकलेली माती सारखीच भरते. महिंद्राचा ५७५ चार सिलिंडरचा, ४५ एचपीचा, आणि ही ताकद तो मिनिटाला १९०० फेऱ्यांवर देतो. जॉन डिअरचा ५३१० तीन सिलिंडरचा, ५५ एचपीचा, पण २४०० फेऱ्यांवर. स्वराज ८५५ तीन सिलिंडरचा, २००० फेऱ्यांवर. सावकाश फिरणाऱ्या इंजिनाला शेतकरी ‘ओढीचं’ म्हणतो. जोरात फिरणाऱ्याकडे ताकद असते, पण ती काढायला गियर नीट निवडावा लागतो आणि इंजिन वर ठेवावं लागतं. म्हणूनच एका ट्रॅक्टरवर हात बसलेला ड्रायव्हर दुसऱ्यावर बसला की पहिला आठवडा कुरकुरतो.

आता जमिनीकडे या. मंगळवेढ्याची काळी पाहिली असेल तर ठाऊक असेल, मे महिन्यात तिच्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो. अशा जमिनीची उन्हाळी नांगरट म्हणजे ट्रॅक्टरची परीक्षाच. आपल्याकडे दोन फाळी पलटी नांगर घरोघरी झाला आहे. तास संपला की हायड्रॉलिकवर नांगर जागेवर पलटतो आणि त्याच तासाला लागून उलट परत येता येतं. हा नांगर वजनदार. तो उचलला की पुढची चाकं हलकी होतात, म्हणून पुढे बंपरला बिडाची वजनं लावतात. कुणी सिमेंटचा ठोकळा ओतून बसवतो. मागच्या टायरमध्ये पाणी भरतात. नांगर नऊ-दहा इंच खोल गेला की इंजिनाचा आवाज भरतो, धुराड्यातून काळा धूर येतो, आणि मागचं चाक एका जागी घासायला लागतं. तिथे नुसती इंजिनाची ताकद उपयोगाची नसते. अंगात वजन लागतं. हलका ट्रॅक्टर कितीही एचपीचा असो, चाकाला पकडच नसेल तर डिझेल नुसतं टायर झिजवण्यात जातं. काळ्या रानात माणसं बसक्या, जड अंगाच्या ट्रॅक्टरकडे ओढली जातात ती याच अनुभवाने. जाहिरात नंतर येते.

आणि हाच ट्रॅक्टर दिवाळीनंतर ऊस ओढतो. टोळीने भरलेल्या दोन ट्रॉल्या एकामागे एक, वर वाढ्याने बांधलेल्या मोळ्या. चढाला त्याचं तोंड उचलतं, उताराला मागून भार ढकलतो. हंगामभर कारखान्याच्या वजनकाट्यासमोर रात्र-रात्र ओळीत उभं राहायचं. या कामाला ब्रेक चांगला हवा, स्टेअरिंग हलकं हवं आणि रस्त्यावरचा वेग हवा. तेलात बुडालेले ब्रेक आणि पॉवर स्टेअरिंग या गोष्टी नव्या होत्या तेव्हा ऊस वाहतूकदारांना त्यांचं महत्त्व पटकन कळलं, कारण त्यांचा ट्रॅक्टर वर्षातले चार-पाच महिने शेतात कमी आणि रस्त्यावर जास्त असतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याच्या यार्डात जॉन डिअरचा हिरवा रंग एवढा का दिसतो, याचं बरंचसं उत्तर या रस्त्यावर आहे.

पण याच जिल्ह्यात, याच घरात, दुसरा ट्रॅक्टर उभा असतो आणि तो पहिल्याच्या खांद्यालाही लागत नाही. द्राक्षबागेचा.

द्राक्षाच्या दोन ओळींत साधारण नऊ फूट अंतर. त्यातला बोद, म्हणजे वेलींखालचा मातीचा उंचवटा, सोडला, वरून लोंबणाऱ्या काड्या सोडल्या, तर चार फुटी अंगाचा ट्रॅक्टर जेमतेम जातो. गोडी छाटणी झाली, पोंगे फुटले, घड बाहेर पडायला लागले आणि नेमका परतीचा पाऊस आला, की बागायतदाराची झोप जाते. डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग, येईल. पाऊस रात्री थांबला तर पहाटे ब्लोअर बागेत गेला पाहिजे. दुपारी चालणार नाही, आणि उद्या तर नाहीच. तेव्हा ओळीत चिखल असतो. मागे सहाशे लिटरची टाकी आणि ब्लोअरचा पंखा, आणि पंखा फिरवायला पीटीओची ताकद कमी पडता कामा नये, नाहीतर औषध पानांच्या आत पोचत नाही. म्हणजे ट्रॅक्टर अरुंद हवा, हलका हवा, तरी त्याच्यात दम हवा, आणि चारही चाकं ओढणारी हवीत. इथे मोठा ट्रॅक्टर नुसता निरुपयोगी नाही, तो बाग मोडतो. म्हणून निफाड-दिंडोरी, तासगाव, पंढरपूर या पट्ट्यांत कुबोटाचे छोटे चार-चाकी ओढीचे ट्रॅक्टर, महिंद्राचा जिवो, जॉन डिअरचे अरुंद मॉडेल, बंगळुरूच्या व्हीएसटीचे मिनी अशी एक वेगळीच बाजारपेठ उभी राहिली. नांगरटीचा राजा कोण, याला तिथे काडीची किंमत नाही.

लहान ट्रॅक्टरची हौस गुजरातलाही मोठी. राजकोटची ‘कॅप्टन’ कंपनी मिनी ट्रॅक्टरांसाठीच ओळखली जाते. महिंद्राने ‘युवराज’ काढला तो १५ एचपीचा, एका सिलिंडरचा. कपाशीच्या, भुईमुगाच्या ओळींतून आंतरमशागत करायची तर बैलजोडीची जागा घेणारा असाच ट्रॅक्टर लागतो. कोकणात आणि गोव्यात खाचरं इतकी लहान की ट्रॅक्टर वळवायलाच जागा नाही. तिथे दोन चाकांचा पॉवर टिलर, मागे माणूस चालतोय. ब्रँडचा वाद तिथे सुरूच होत नाही.

भाताच्या मुलखात पुन्हा सगळं उलटं. आंध्रात, तमिळनाडूत चिखलणी म्हणजे गुडघाभर पाण्यात रोटाव्हेटर फिरवणं. मागच्या चाकांना लोखंडी केजव्हील. मंगळवेढ्यात जे वजन वरदान, तेच इथे शाप, कारण जड ट्रॅक्टर खाली बसतो आणि मग दुसरा ट्रॅक्टर आणून ओढावा लागतो. शिवाय पाणी-चिखल अॅक्सलच्या सीलमधून आत गेला तर गियरबॉक्सचं तेल दुधासारखं पांढरं होतं, आणि कोरड्या ब्रेकच्या पट्ट्या गेल्याच म्हणून समजा. भात हाच जपानचा जीव, त्यामुळे कुबोटाला हे काम नवं नव्हतं. २००८ मध्ये त्यांनी भारतातलं बस्तान मांडलं ते चेन्नईत, पंजाबात नव्हे. जागा निवडतानाच त्यांनी गिऱ्हाईक निवडलं होतं. मग बाकीच्यांनीही चिखलणीची खास मॉडेलं काढली. सोनालिकाने आंध्र-तेलंगणाच्या चिखलणीसाठी काढलेल्या ट्रॅक्टरला ‘महाबली’ नाव दिलं. नावांची गंमत वेगळीच आहे म्हणा. महिंद्राने ‘भूमिपुत्र’, ‘सरपंच’, ‘अर्जुन’ अशी नावं ठेवली. ‘सरपंच’ हे नाव सुचवणाऱ्याला खेड्यातला माणूस बरोबर कळला होता.

पंजाबचं गणित जमिनीच्या आकारापासून सुरू होतं. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार तिथलं सरासरी खातं ३.६२ हेक्टरचं, म्हणजे नऊ एकर. महाराष्ट्रात १.३४ हेक्टर, सव्वातीन एकर. बिहारमध्ये ०.३९, एक एकरही नाही. पंजाबात भात कापला की पंधरा-वीस दिवसांत गहू पेरायचा असतो, मधे पेंढ्याचं करायचं काय? जाळला तर दिल्लीपर्यंत बोंब. मग सुपर सीडर आला. तो पेंढा मातीत कालवतो आणि त्याच फेरीत गहू पेरतो. पेंढ्याच्या गठ्ठ्या बांधणारा बेलर आला. जमीन सपाट करणारा लेझर लेव्हलर आधीपासून होता. सुपर सीडर ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला जोडला तर तो ट्रॅक्टर शेताच्या मधोमध उसासे टाकतो. पन्नासच्या वरच लागतो. न्यू हॉलंडचा ३६३०, स्वराज ८५५, अर्जुन ६०५ यांची तिथे चलती आहे ती या अवजारांमुळे. मोठा ट्रॅक्टर हा तिथल्या जाटाचा तोरा आहे असं आपल्याकडे म्हणतात. तोरा आहेच, पण त्याच्यामागे सुपर सीडरही जोडलेला आहे.

कारखाना कुठे उभा राहिला

कामाने सगळं ठरतं असं म्हणालो तर ते अर्धंच खरं. सारख्या मातीच्या, सारख्या पिकाच्या दोन मुलखांतही रंग वेगळे दिसतात. तिथे इतिहास आडवा येतो.

हरितक्रांतीच्या आधी बहुतेक ट्रॅक्टर परदेशातून यायचे आणि नंबर लावून मिळायचे. आयशरने १९५९ मध्ये फरिदाबादच्या कारखान्यातून देशात बांधलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर काढला. पुढच्या वर्षी चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासेत, ‘टाफे’ सुरू झाली आणि तिने मॅसी फर्ग्युसनशी हातमिळवणी केली. त्या नावातला फर्ग्युसन म्हणजे आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन. आज प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे दिसणारी तीन दांड्यांची जोडणी त्याचीच देणगी, मग ट्रॅक्टर कोणत्याही रंगाचा असो. १९६३ मध्ये महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली आणि कांदिवलीत ‘बी-२७५’ बनू लागला. आपल्याकडचे म्हातारे अजून त्याला ‘इंटरनॅशनल’ म्हणतात. साठ वर्षं उलटून गेली, मॉडेल कितीदा बदललं, पण २७५ हा आकडा महिंद्राने सोडलेला नाही. ज्या मुलखाने तो आकडा बापाच्या तोंडून ऐकलाय, तिथे तो नावासारखाच झाला आहे.

स्वराजची गोष्ट निराळी. बाकी सगळे परदेशी आराखड्यांवर ट्रॅक्टर बांधत असताना पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी संशोधन संस्थेत अभियंत्यांनी स्वतःचा आराखडा केला. पंजाब सरकारने तो उचलला, १९७० मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी काढली, आणि १९७४ मध्ये मोहालीतून स्वराज ७२४ बाहेर पडला. आपल्या राज्याचा, आपल्या सरकारचा, आपल्या माणसांनी बांधलेला. कारखान्यात काम करणारा पुतण्या, सुट्या भागांचा कारखाना टाकणारा मेहुणा, एजन्सी घेणारा गावचा बडा शेतकरी, असं सगळं गणगोत एका ट्रॅक्टरभोवती जमलं. होशियारपूरच्या सोनालिकाचंही तसंच. आयुर्विमा महामंडळात नोकरी केलेले लछमनदास मित्तल आधी मळणीयंत्रं बनवत. १९९६ मध्ये, साठी उलटल्यावर, त्यांनी ट्रॅक्टर काढला. मळणीयंत्र विकताना जी गावं ओळखीची झाली होती, तिथेच ट्रॅक्टर आधी गेले असणार हे सांगायला कुणी ज्योतिषी नको.

फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने फोर्डचे ट्रॅक्टर बनवले. फोर्डने ट्रॅक्टरचा धंदा विकला, पण त्याचा निळा रंग मागे राहिला. तो एका बाजूने न्यू हॉलंडकडे गेला, दुसऱ्या बाजूने एस्कॉर्ट्सच्या फार्मट्रॅककडे. ग्रेटर नोएडातला न्यू हॉलंडचा कारखाना आणि फरिदाबाद यांच्यात यमुना आणि तासाभराची वाट. उत्तरेत निळा उठून दिसतो तो असा. जॉन डिअर मात्र पुण्याजवळ सणसवाडीला आला, सुरुवातीला लार्सन अँड टुब्रोच्या भागीदारीत. पुण्यापासून सोलापूर, सांगली, नगर, नाशिक किती लांब? विक्रीनंतरच्या सर्व्हिसची गाडी सकाळी निघून दुपारी बांधावर पोचते एवढं.

जगभर हेच. इलिनॉयचं मोलिन हे जॉन डिअरचं गाव, तर आजूबाजूचा मका-सोयाबीनचा पट्टा हिरवा. बव्हेरियात मार्क्टओबरडॉर्फला फेंट बनतो आणि जर्मन शेतकरी तोच मागतो. झेक लोकांचा झेटोर ब्रनोचा, बेलारूसचा ट्रॅक्टर मिन्स्कचा.

मिस्त्री, फायनान्सवाला आणि जुना बाजार

पण कारखाना लांब असला तरी एखाद्या तालुक्यात एखादा ब्रँड घट्ट बसतो. कसा, ते आमच्या घरातल्या एका खरेदीवरून सांगतो.

तात्यांनी ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं तेव्हा दोन शोरूम फिरले, दोन्हीकडे चहा प्याले, पत्रकं घेतली. दुसऱ्या कंपनीचा भाव कमी होता, वर छत्री आणि हूक फुकट. तात्या घरी आले नाहीत, सरळ स्टँडमागच्या गॅरेजवर गेले. मिस्त्री खड्ड्यात उतरलेला, नुसतं डोकं वर. तात्यांनी विचारलं, ‘हा घेतला तर?’ मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरने कान खाजवत म्हणाला, ‘तात्या, घ्या की. चांगलाय. फक्त क्लच खोलायची वेळ आली तर मला बोलावू नका, त्याचं हत्यार माझ्याकडं नाही.’

सौदा तिथेच संपला.

मिस्त्री ज्या इंजिनावर हात बसवतो तेच तो बरं म्हणतो. आणि त्याचा हात त्याच इंजिनावर बसतो जे गावात जास्त आहे. जास्त आहे म्हणून स्पेअर पार्टवाला त्याचं सामान ठेवतो. सामान मिळतं म्हणून ट्रॅक्टर पेरणीच्या दिवसांत उभा राहत नाही. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, चार दिवसांचा असतो, त्यात तीन दिवस पार्टची वाट बघत बसलात तर सोयाबीन गेलं. उभा राहत नाही म्हणून जुन्या बाजारात त्याला भाव मिळतो. आणि भाव मिळतो म्हणून फायनान्सवाला त्याच्यावर सढळ हाताने कर्ज देतो. हा शेवटचा दुवा लोकांच्या लक्षात येत नाही. कर्ज देणाऱ्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: हप्ता थकला आणि ट्रॅक्टर उचलून आणावा लागला, तर तो किती दिवसांत विकला जाईल? जो पटकन खपेल त्याच्यावर जास्त कर्ज, म्हणजे शेतकऱ्याला पदरचे पैसे कमी घालावे लागतात. मग तो तोच घेतो. पुढच्या वर्षी गावात त्याच रंगाचे आणखी दोन.

म्हणजे एखाद्या तालुक्यातला पहिला यशस्वी डीलर पुढच्या तीस वर्षांची पसंती ठरवून जातो. तो डीलर भला होता, वेळेवर माणूस पाठवत होता, लोकांच्या लग्नाकार्याला जात होता, एवढंसुद्धा कारण पुरतं. ट्रॅक्टरच्या गुणवत्तेशी त्याचा संबंध असेलच असं नाही. आपल्याकडे ही गोष्ट कबूल करायला जड जाते, कारण लाखांचा सौदा आपण विचार करून केला असं प्रत्येकाला वाटत असतं.

ही साखळी किती चिवट असते ते एचएमटीवरून दिसतं. सरकारी कंपनी, हरियाणात पिंजोरला कारखाना, मूळ आराखडा झेकोस्लोव्हाकियाच्या झेटोरचा. तिचा ५९११ पंजाबात लाडका होता. ट्रॅक्टरचा हा धंदा सरकारने २०१६ मध्ये बंद केला. नवा ५९११ आता मिळणं शक्य नाही, तरी तो मेला नाही. गायक सिद्धू मूसेवालाची २०२२ मध्ये हत्या झाली, तेव्हा त्याची अंत्ययात्रा त्याच्या आवडत्या ५९११ वरून निघाली. जुने ५९११ शोधून, रंगवून, क्रोम चढवून ठेवणारे लोक तिथे आहेत. मिस्त्री अजून जिवंत आहेत, भाग अजून बनतात, म्हणून मोगा-बर्नाल्याच्या जुन्या बाजारात बंद पडलेल्या कंपनीच्या ट्रॅक्टरलाही बोली लागते. महाराष्ट्रात तो फुकट दिला तरी माणूस आधी विचारेल, ‘याचा पंप कोण करणार?’

कंपन्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. २००७ मध्ये महिंद्राने पंजाब ट्रॅक्टर्स विकत घेतली. तेव्हा वाटलं असेल की आता स्वराज संपला, त्यावर महिंद्राचं नाव येईल. आलं नाही. मोहाली वेगळी राहिली, डीलर वेगळे राहिले, रंगही वेगळा. आजही एका गावात महिंद्राचा आणि स्वराजचा डीलर एकमेकांचं गिऱ्हाईक पळवतात, आणि नफा शेवटी एकाच तिजोरीत जातो. टाफेने २००५ मध्ये आयशरचा ट्रॅक्टरधंदा घेतला तेव्हाही हेच केलं. फार्मट्रॅक आणि पॉवरट्रॅक तर आधीपासून एस्कॉर्ट्सच्याच दोन सुना, आणि आता त्या घरात कुबोटाही आली आहे. भटिंड्याच्या माणसाला ‘स्वराज’ हे नाव हवं असेल तर ते पुसण्यात शहाणपण नाही, एवढा साधा हिशेब.

मग ही साखळी तुटते कशाने

जाहिरातीने फारशी नाही. नवं काम आलं की तुटते. द्राक्षबागेत ब्लोअर आला नसता तर नाशिकच्या शेतकऱ्याने नारिंगी ट्रॅक्टर कशाला बघितला असता? पंजाबात बेलर आणि सुपर सीडर आले नसते तर पन्नासच्या वरच्या मॉडेलांना एवढं गिऱ्हाईक नसतं. जुन्या रंगाला जे जमत नाही ते काम गावात शिरलं, की मिस्त्रीही नवी हत्यारं घेतो.

कधी कधी नियमही धक्का देतो. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यासाठी इंजिनात इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डिझेल सोडणारी यंत्रणा बसवावी लागते, किंमत वाढते, आणि बिघाड शोधायला पाना नव्हे, लॅपटॉप लागतो. झाडाखाली पंप खोलणाऱ्या मिस्त्रीचं तिथे काही चालत नाही. शोरूममध्ये ‘एकोणपन्नास एचपी’ असं आवर्जून सांगणारी मॉडेलं दिसली तर त्यामागचं एक कारण हे. ज्या मुलखात मोठे ट्रॅक्टर जास्त, तिथे कंपनीची स्वतःची सर्व्हिस कितपत मजबूत आहे हा प्रश्न आता आधीपेक्षा मोठा झाला आहे.

स्वतःसाठी ट्रॅक्टर बघत असाल तर कंपनीच्या पत्रकाआधी मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल मागा. पीटीओला प्रत्यक्षात किती ताकद मिळाली, तासाला डिझेल किती लागलं, लिफ्टने किती वजन उचललं, हे तिथे मोजून लिहिलेलं असतं. डीलरकडे असतो. मागणारे थोडे, म्हणून तो टेबलावर ठेवत नाही.

आणि आपल्या भागात खरोखर काय खपतं हे पारावर वाद घालून ठरवायची गरज नाही. केंद्र सरकारच्या ‘वाहन’ या डॅशबोर्डवर नोंदणीचे आकडे कुणालाही उघडे आहेत. राज्य निवडा, आरटीओ निवडा, वाहनाच्या प्रकारात ट्रॅक्टर, आणि कंपनीवार तक्ता मागा. एमएच १५ नाशिक, एमएच १३ सोलापूर आणि एमएच ०९ कोल्हापूर शेजारी-शेजारी ठेवून बघा, मग हवं तर पंजाबातलं एखादं. मात्र तक्ता वाचताना दोन-तीन गोष्टींचा घोळ होतो. कंपन्या दर महिन्याला जे आकडे जाहीर करतात ते बहुधा डीलरला पाठवलेल्या ट्रॅक्टरांचे असतात, तर हे शेतकऱ्याच्या नावावर चढलेल्यांचे. शिवाय बीडला नोंदलेला ट्रॅक्टर सहा महिने कोल्हापूरच्या कारखान्यावर उभा असू शकतो. तिथे महिंद्राच्या दोन ओळी दिसतील, एक ट्रॅक्टर विभागाची आणि एक स्वराजची, त्यांची बेरीज स्वतःच करावी लागते. सोनालिका शोधत असाल तर त्या नावाने सापडणार नाही, ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर्स’ या ओळीत बघा. तात्यांना ती ओळ दाखवली तर ते म्हणाले, ‘हां, हे आपलं जुनं बी-२७५.’ ते नाही म्हणून समजावून सांगितलं, तर चष्मा काढून ठेवला.